अकरा वेळा झेंडी

प्रफुलने मोबाइल तिपाईवर कसला, गोल दिवा आत्याच्या तोंडावर वळवला आणि म्हणाला, "आत्या, उजवा हात पुढं कर. अजून. बोटं दिसू दे."

गुणाबाईंनी हात पुढे केला. नखांत हळद होती.

"धुऊन येऊ का?"

"नाई नाई. असाच पायजे. ओरिजिनल."

या हाताची ख्याती ब्रह्मपुरीपासून वैनगंगेच्या पलीकडच्या तीरापर्यंत होती, आणि ती कालची नव्हती. बावन्न वर्षांपूर्वी गावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, एकोणीस वर्षांची गुणा लच्छूच्या झेंडीमुंडीच्या बोर्डासमोर उभी राहिली आणि एका दुपारीत अकरा वेळा जिंकली. बोर्डावर सहा चित्रं. लोक आपापल्या चित्रावर पैसे ठेवतात आणि लच्छू डबा हलवून फासे पाडतो. गुणाला झेंडीशिवाय दुसरं चित्र दिसेना, आणि फाशांना गुणाशिवाय दुसरं माणूस दिसेना. सहाव्यांदा जिंकली तेव्हा शेजारी चाललेला दंडारीचा नाच थांबला. आठव्यांदा जिंकली तेव्हा नाटकाच्या तंबूतला राजा अर्ध्या मिशीनिशी धावत आला. अकराव्यांदा जिंकली तेव्हा नदीच्या पाळीवर बसलेला वाघ उठून उभा राहिला. वाघ पाहिलेली माणसं आता हयात नाहीत, म्हणून कोणी वाद घालत नाही. शेवटी लच्छूकडे द्यायला काही उरलं नाही तेव्हा तो स्वतःच आला. पुढच्या उन्हाळ्यात दोघांचं लग्न झालं.

तेव्हापासून गावात विहीर खणायची, ट्रॅक्टर आणायचा, किराण्याचं दुकान उघडायचं, तर आधी गुणाबाईंचा हात. आणि सर्वांत मोठा मान आषाढातला. भाताच्या रोवण्यात, म्हणजे लावणीत, रोपांची पहिली पेंडी त्यांच्या हातानं लागे. शेतमालक गुणवंतराव स्वतः छत्री घेऊन दारात येत आणि म्हणत, "चला बाई." लच्छूला जाऊन दहा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. गावात बाईंचं जे काही होतं, ते त्या दोन शब्दांत होतं. गुणवंतरावांची भाताची बांधी उद्याच रोवायची होती.

"तर पाह्य," प्रफुल म्हणाला, "पाच वाजता आपण लाइव्ह जाऊ. मी म्हणीन, ही माही आत्या, झाडीपट्टीतली सगळ्यात नशीबवान बाई. तू फक्त बटण दाबजो."

प्रफुल भावाचा मुलगा. सव्वीस वर्षांचा. मोबाइलवर गेम खेळत खेळत तो झाडीबोलीत लोकांना हसवायचा आणि एटापल्लीपासून भद्रावतीपर्यंतची पोरं ते पाहायची. तीन महिन्यांपूर्वी त्याला एक कंपनी भेटली. तेव्हापासून त्याच्या पडद्यावर फासे पडू लागले होते.

"कंपनी कुठली हाय?"

"बेटावरची."

"कोणत्या बेटावरची?"

"ते नाई मालूम. समुद्रात हाय कुठीतरी."

"तिथी पोलीस नाई वाटते."

प्रफुल हसला. आत्याला असं बोलतानाच लाइव्ह दाखवायला हवं, असं त्याला वाटलं. "आत्या, यात लबाडी होऊच शकत नाई. आकडा आधीच पेटीत बंद असते. कुलपाचा नंबर आपल्याले आधी देतात, मंग खेळ. खेळ झाल्यावर पेटी उघडून पाहा, तोच आकडा. लच्छूमामाच्या डब्यात होतं का असं?"

"लच्छूचे फासे सच्चे होते."

"असतीन बाप्पा. पण हे गणितानं सच्चे हायेत."

गुणाबाईंनी पडद्याकडे बोट केलं. कोपऱ्यात दोन लाखांच्या वर काहीतरी लिहिलं होतं. "हे पैशे तुहे?"

"कंपनीचे. मोबाइलातली नाणी हायेत ते. संपले का पुन्हा भरून देते."

"मंग तू हारत नाईस."

"हारतो न. पण लागत नाई." तो दिवा थोडा खाली करत म्हणाला, "दाखवाले हायेत ते, आत्या. आज पाच हजार लोकं आले तर वर्षभराचा करार. मंग तुले छतावर स्लॅब टाकून देतो."

 गुणाबाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला आणि मांडीवर उलटा ठेवला.

दारात मनकर्णा आली. डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. उद्याच्या रोवण्याला तीही होती. ती आत आली नाही.

"बाई, एक काम होतं. आमच्या अजयनं टाकले त्या खेळात पैशे. प्रफुलभाऊले पाहून. भद्रावतीले ठेकेदाराकडं दोन महिने खपला, तो सारा पगार." तिनं खोळ सावरली. "तो म्हणते, आज बाई खेळून राह्यल्या, तर आज परत टाकतो. तुमचा हात हाय म्हटल्यावर येतीन न वापस?"

प्रफुल वायर गुंडाळू लागला. आधीच गुंडाळलेली वायर त्यानं उलगडून पुन्हा गुंडाळली.

"अजयले सांग," गुणाबाई म्हणाल्या, "आधी पाह्य. मी खेळतपर्यंत काईच टाकू नको. नुसता पाह्य."

"बरं बाई." मनकर्णाचा चेहरा उजळला, आणि तेच गुणाबाईंना पाहवलं नाही.

पाच वाजता प्रफुलचा आवाज बदलला. तो एकदम दोन माणसांएवढा झाला. "राम राम मंडळी! आज आपल्या घरी कोण हाय पाहा! अकरा वेळा झेंडी! नाव ऐकून वाघ उभा राह्यते अशी माही आत्या!" पडद्यावर बदाम उडू लागले. आठशे माणसं, मग बाराशे.

"चल आत्या, दाब."

"ह्या पैशानं नाई," गुणाबाई म्हणाल्या. कंबरेचा बटवा सोडून त्यांनी पाचशेची नोट काढली आणि कॅमेऱ्यासमोर धरली. "ह्या पैशानं. हे माहे हायेत. लाखोरीची डाळ इकून आणले."

 प्रफुल हसून कॅमेऱ्याकडे वळला. "पाह्यलं का? आत्या आपली रिअल हाय." त्यानं कंपनीचं खातं बंद केलं, स्वतःचं जुनं खातं उघडलं, त्यात पाचशेची नाणी भरली आणि नोट खिशात घातली.

पडद्यावर एकच फासा होता, सहा चित्रांचा. त्यातलं एक झेंडीसारखं दिसत होतं. गुणाबाईंनी त्यावर वीस रुपये लावले आणि बटण दाबलं. फासा फिरला. भलतंच चित्र आलं.

"गेले!" गुणाबाई ओरडल्या. अशा ओरडल्या की अंगणातल्या कोंबड्या पांगल्या. "गेले बाप्पा, गुणाबाईचे वीस रुपये गेले! या, या, पाहा! गेले!"

प्रफुल दचकला. बदाम आणखी उडाले.

दुसऱ्यांदा गेले, तिसऱ्यांदा गेले. प्रत्येक वेळी त्या मांडीवर थाप मारून, दोन्ही हात वर करून, मंडईच्या या टोकापासून त्या टोकाला ऐकू जावं असं ओरडत होत्या. पाचव्या वेळी झेंडी आली. पडदा चमकला, नाणी खळखळली.

गुणाबाईंनी पदर तोंडावर घेतला आणि गप्प बसून राहिल्या.

"आत्या! जितलीस न! ओरड न आता!"

त्यांनी पदराआडून मान हलवली आणि पुढचे वीस लावले. ते गेले. "गेले! गुणाबाईचे अजून वीस गेले!"

आता पडद्यावर चार हजार माणसं होती. आत्याला काय झालं, असं कोणीतरी लिहिलं. गुणाबाईंना वाचता येत होतं.

"काई झालं नाई मले. मंडईतली गोष्ट सांगून राह्यली." त्यांनी बटण दाबलं. "अकरा वेळा जितली, हे खरं हाय. पैशे लच्छूचे होते. त्यानं सकाळीच हातात ठेवले आन् म्हणे, पोरी, दाखवाले खेळ. जितली का बोंब मार. हारली का पदर घे तोंडावर." फासा थांबला. "गेले! हे पण गेले! तर मी तसंच केलं. लोकाईनं माही बोंब मोजली. पदर कोणी मोजला नाई. मंग सारे लावाले लागले. खिशातून, कनवटीतून. एकानं बायकोच्या पाटल्या लावल्या."

"आत्या," प्रफुल हलक्या आवाजात म्हणाला. त्याचा हात मोबाइलकडे गेला होता. एक बोट लावलं असतं तर सगळं बंद झालं असतं. कोपऱ्यातला आकडा साडेपाच हजारांवर गेला होता. बोट तिथंच राहिलं.

चाळीस मिनिटांत पाचशे रुपये संपले. या चाळीस मिनिटांत गुणाबाईंनी चार वेळा पदर घेतला. ओरडल्या किती वेळा, ते त्यांचा बसलेला घसा सांगत होता.

"आता तुही पेटी उघड. पाह्य, फासा सच्चा होता का."

प्रफुलनं नंबर तपासले. एक, मग दुसरा, मग सगळे. "सच्चा होता."

"होता न? लच्छूचाबी सच्चा होता." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "अजय, पाह्यलं का बेटा? जा आता, जेव."

दिवा विझला तेव्हा प्रफुलचा फोन वाजू लागला. तो अंगणात गेला. बाहेरून हिंदीतलं बोलणं तुटक तुटक ऐकू येत होतं. डिलीट हा शब्द दोनदा आला. मग तो नुसताच पावसात उभा असल्यासारखा वाटला. आत आला तेव्हा त्यानं नोट आत्यापुढे धरली.

"ते कशाले? खेळली न मी," गुणाबाई म्हणाल्या, आणि भाताचं आधण चढवायला गेल्या.

सकाळी त्यांनी नऊवारी काढली, कासोटा घट्ट मारला आणि ओट्यावर बसल्या. सात वाजले. छत्री घेऊन कोणी आलं नाही. साडेसात वाजले. रस्त्यानं रोवणाऱ्या बाया गेल्या. दोघींनी वळून पाहिलं आणि पुढे चालू लागल्या. बावन्न वर्षांत हा ओटा असा कधी रिकामा वाटला नव्हता, आणि त्यावर त्या स्वतः बसल्या होत्या.

आठ वाजता गुणाबाई उठल्या. कोणी विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, पाय मोकळे करून येते. पाय आपोआप बांधीकडे निघाले.

धुऱ्यावर बाया उभ्या होत्या, मनकर्णा सर्वांत पुढे. पऱ्ह्याच्या पेंड्या चिखलात विखुरलेल्या होत्या आणि एकही रोप लागलेलं नव्हतं. गुणवंतराव छत्रीखाली तंबाखू मळत होते. सत्तरीचा माणूस, बाईंच्याच वयाचा.

"उशीर केला बाई."

"बोलवाले कोणी आलं नाई, भाऊ."

"आलो असतो तर तुमी म्हटलं असतं, अंग दुखते. लाजेनं." त्यांनी तंबाखू दाढेखाली ठेवला. "म्हटलं, पाहू, आपल्या पायानं येतात का."

"काल पाह्यलं नाई तुमी?"

"पाह्यलं न. सकाळी पुन्हा पाह्यलं. प्रफुलनं तसंच ठेवलं हाय ते, पुसलं नाई." त्यांनी तळहात झटकला. "त्याच्यात नवीन काय होतं? माहा बाप तुमच्या बाजूलेच उभा होता मंडईत. लाखोरीचे दाणे ह्या खिशातून त्या खिशात टाकत होता. अकरा जितले. सदतीस हारले."

गुणाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. पाऊस छत्रीवरून निथळत होता.

"तुमच्या बापाले मालूम होतं?"

"घरी येऊन त्यानंच सांगितलं."

"आन् तरी पुढच्या आषाढात मले पहिली पेंडी दिली?"

"त्या सालचा रोवणा पाह्यला होता न त्यानं तुमचा. साऱ्या बांधीत तुमच्याच रोपाईची वळ सरळ होती." गुणवंतराव खाली वाकले, चिखलातून एक पेंडी उचलली आणि पाणी झटकलं. "पहिली वळ वाकडी गेली तर मागच्या साऱ्या वाकड्या जातात. लोकाईले काय, लोकं हात म्हणतात, नशीब म्हणतात. घ्या. बाया खोळंबल्या."

गुणाबाईंनी पेंडी घेतली. बांधीत उतरल्या. चिखल पोटऱ्यांपर्यंत आला, थंडगार, ओळखीचा. धुऱ्यावरून मनकर्णानं विचारलं, "जमते का बाई?"

 गुणाबाईंनी ओल्या हातानं पदर वर ओढला, काल झेंडी आल्यावर घेतला तसा तोंडावर धरला, आणि बराच वेळ तसाच धरून उभ्या राहिल्या.