काचवाल्याच्या गाडीचा गिअर

मित्रांनो, गिअरचा दांडा म्हटलं की तुमची नजर दोन सीटांच्या मधे खाली जाते. तिथे मी सापडणार नाही. मी जुन्या वळणाचा! स्टिअरिंगच्या चाकाखाली जो तिरका नळ असतो ना, त्याच्या मानेतून मी आडवा बाहेर आलो आहे. अंग पोलादी आणि टोकाला काळी गोल मूठ. मी ज्या पिकअपचा, ती तुमच्या आजोबांच्या वयाची असेल, आणि अजून कामावर जाते. आम्हाला त्याचा थोडा ताठा आहे, तेवढा चालवून घ्या.

माझं काम सोपं आहे. मला आपल्याकडे ओढून खाली घेतलं की पहिला गिअर. ओढून वर नेलं की गाडी मागे. पलीकडे ढकलून वर नेलं की दुसरा, आणि तिथून सरळ खाली तिसरा. पण पहिल्यातून दुसऱ्यात जाताना मधल्या वळणावर मी पलीकडे सरकलो नाही, तर दुसऱ्याऐवजी मागच्या गिअरवर जाऊन आदळतो. मग असा खर्रर्र आवाज होतो की रस्त्यावरची माणसं वळून बघतात. पुढचा सगळा घोळ या एका वळणापायीच झाला.

कारखान्यात मला लालभडक तापवून वाकवलं आणि घासूनपुसून चकचकीत केलं. नळात बसवताना माझ्या बुडाशी एक बुश घातलं. बुश म्हणजे अंगठीएवढं कडं. लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून ते मधे बसतं आणि सगळी झीज स्वतःच्या अंगावर घेतं. बिचारं कधी कुणाला दिसत नाही, त्यामुळे त्याची आठवणही कुणाला होत नाही.

आमची पिकअप घेतली ती एका काचवाल्याने. खिडक्यांची मापं घ्यायची, दुकानात काचा कापायच्या, गाडीच्या पाठीवरच्या लाकडी घोड्याला, म्हणजे तिरक्या चौकटीला, त्या उभ्या टेकवून बांधायच्या आणि नेऊन बसवायच्या, हा त्याचा धंदा. काचेला हिसका चालत नाही. पण त्याचा हात असा की गिअर कधी बदलला ते काचांनाही कळायचं नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, "काका, तुमच्या गाडीत काठोकाठ भरलेला पेला ठेवला तरी सांडायचा नाही." मग तो माझ्या मुठीवर थोपटायचा. ते दिवस फार चांगले होते.

वर्षं गेली. बुश झिजलं, मी डुगडुगायला लागलो. एक दिवस दुसरा गिअर लागेना. काचवाल्याने दोन बोटं माझ्या खाली घातली, मला किंचित वर उचललं आणि मग ढकललं. लागला! झालं, तीच त्याला सवय पडली. दुरुस्ती राहिली बाजूला, उलट तो फुशारकीनं सांगू लागला, "हिला माझाच हात लागतो. दुसऱ्या कुणाची ती ऐकायची नाही." गाडी तो कुणाच्या हाती देत नसे. इंजिनाच्या कामाला मेकॅनिक वस्तादाच्या गॅरेजात नेली तरी आत घालायची आणि बाहेर काढायची ती त्यानेच. आणि खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हा फार बरं वाटायचं.

पण दिवसातून शंभर वेळा मला उचलून उचलून त्याचा खांदा कामातून गेला. एका सकाळी त्याला सदऱ्याच्या बाहीत हात घालता येईना. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, "आता गाडी चालवणं बंद."

दुकानात काच कापायची ती त्याची लेक. तिचा हात काय वर्णावा! पट्टी धरून एकदा रेघ ओढायची, खालून टिचकी मारायची, की काच बिनबोभाट दोन तुकड्यांत वेगळी. लोकांच्या गाड्या ती झकास चालवायची. आता आमची चालवायची पाळी तिच्यावर आली.

"दोन बोटं खाली घाल, किंचित उचल आणि ढकल," बाप शेजारी बसून शिकवू लागला.

"किंचित म्हणजे किती, बाबा?"

"अगं, किंचित म्हणजे किंचित! ते हाताला कळतं."

तिच्या हाताला ते कळेना. कळणार कसं? पहिल्याच खेपेला चढावर ती दुसरा टाकायला गेली आणि मी आदळलो मागच्या गिअरवर. गाडीला हिसका बसला. पाठीमागे सहापैकी तीन काचांचा चुरा झाला. बाप रागावला नाही. समजुतीच्या सुरात म्हणाला, "असतं गं एकेकाचं. तुला काच कापायचा हात आहे, गाडीचा नाही." रागावला असता तर ती भांडली तरी असती. मायेनं बोलला म्हणून ते तिच्या मनात रुतून बसलं.

दुसऱ्या खेपेला पुन्हा तेच. तेव्हापासून ती गाडीत बसेना. एका दुपारी म्हणाली, "मला नाही जमत, बाबा. विकून टाका हिला." गाडी गेली की दुकानाला कुलूप, हे दोघांनाही माहीत होतं. मोठमोठ्या काचा काय डोक्यावरून न्यायच्या? ती दुसरीकडे कुठे नोकरी मिळते का ते बघू लागली. आणि मी, ज्याला सगळं ठाऊक होतं, तो मूग गिळून बसलो होतो. मला तोंड असतं तर गल्ली गोळा केली असती, मित्रांनो!

विकण्याआधी एकदा तपासून घ्यावी म्हणून बापाने वस्तादाला दुकानापाशी बोलावलं. वस्ताद आत बसला, पहिला टाकला, दुसरा टाकायला गेला. खर्रर्र! पुन्हा केला. पुन्हा खर्रर्र!

"ही चालवत कोण होतं इतकी वर्षं?"

"मी," बाप ऐटीत म्हणाला. "तिची एक खुबी आहे बरं का—"

वस्तादाने माझी मूठ धरून गदागदा हलवली. मी हलत्या दातासारखा खुळखुळलो.

"खुबी कसली डोंबलाची? बुश पार संपलंय! उभा जन्म गाड्यांत गेला माझा, मला दुसरा गिअर लागत नाही. पोरीला कुठून लागणार?"

दारात उभ्या असलेल्या लेकीने हातातली पट्टी खाली ठेवली. "म्हणजे... माझा हात वाईट नव्हता?"

"तुझा हात? अगं, या गाडीपुढे भल्याभल्यांनी हात टेकले असते."

ती आत गेली. आतून बराच वेळ पाण्याचा नळ वाहत असल्याचा आवाज येत होता. बाप बाहेर खांबासारखा उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी वस्तादाने स्टिअरिंगचं चाक काढलं आणि नळ उघडला. बुशाचा नुसता काळा भुगा निघाला. मला जागेवर धरणारी पिन जिथे बसते ते भोक झिजून अंड्यासारखं लांबट झालं होतं. त्याने ते वेल्डिंगने भरलं, कानशीने घासलं, नव्याने गोल पाडलं. नवी पिन घातली, नवं बुश बसवलं, बोटानं ग्रीस भरलं. बाप दिवसभर धड हातात दिवा धरून शेजारी उभा होता.

"सुरुवातीलाच केलं असतं तर किती वेळ लागला असता रे?" त्याने विचारलं.

"तेव्हा? तासभर."

बापाने दिवा आणखी जवळ धरला.

मग गाडी रस्त्यावर काढायची वेळ आली. लेक म्हणाली, "आधी रिकामी फिरवून बघते."

"रिकामी नको. काचा भर."

"फुटल्या तर?"

"फुटू देत. माझ्या नावावर फुटतील."

आठ काचा चढल्या. ती चाकापाशी बसली आणि बाप शेजारी, तेव्हा तिचा तळवा घामाने ओला झाला होता, मला तो स्पष्ट जाणवला. तोच चढ आला. तिने मला पलीकडे ढकलून वर नेलं, आणि मी लोण्यातून गेल्यासारखा दुसऱ्यात जाऊन बसलो. मागे एक काच हलली नाही. "लागला, बाबा!" ती लहान पोरीसारखी ओरडली.

काचा बसवून झाल्यावर तिने गाडी एका मोकळ्या पटांगणात उभी केली. म्हणाली, "तुम्ही हात लावून बघा ना. गाडी बंदच आहे." बाप माझ्यासमोर बसला. सवयीने त्याची दोन बोटं माझ्या खाली गेली. त्याने उचललं आणि मी जागीच अडलो. नवं बुश उचलू देत नाही. त्याने पुन्हा केलं. मी पुन्हा अडलो.

"बाबा, उचलू नका. नुसतं ढकला."

त्याने ढकललं. मी सरकलो. त्याने माझ्यावरचा हात काढून घेतला. मग म्हणाला, "चुकलं माझं, बाळ. माझ्या मिजाशीपायी तुझ्या हाती झिजलेली वस्तू दिली आणि वर तुलाच बोल लावला." लेकीने त्याच्या दुखऱ्या खांद्यावर डोकं टेकलं. तो दुखतो हे ती विसरली असावी, आणि त्यानेही सांगितलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही असं काहीतरी असेलच. एक दार, जे फक्त आईलाच उघडता येतं. एक पंखा, जो ताईच्याच चापटीने फिरतो. त्याचं कौतुक करत बसू नका. मोठ्यांच्या मागे लागा आणि ते वेळेत दुरुस्त करून घ्या. आणि माझं एवढं एक ऐका. कुणाला "तुला जमत नाही" म्हणण्याआधी, आपण त्याच्या हातात काय दिलं आहे, ते एकदा स्वतः हलवून बघा.