शिट्टी माझी नव्हती

मी एक जुना माईक आहे. मित्रांनो, आधी हात जोडून एक विनंती करतो. माझ्या डोक्यावर टिचक्या मारू नका, माझ्यात फुंकर मारू नका आणि 'हॅलो हॅलो, वन टू थ्री' म्हणून माझी परीक्षा घेऊ नका. मी जागाच असतो. जन्मभर वन टू थ्री ऐकत आलो, पण थ्रीच्या पुढे काय असतं हे सांगायची तसदी कोणी घेतली नाही. मला डोळे नाहीत. जे ऐकलं तेवढंच सांगेन, आणि थोडं चिडून सांगेन, कारण माझ्यावर अन्याय झालेला आहे.

खोक्यातून बाहेर निघालो तो सोलापुरात, सात रस्ता चौकाजवळ, ईरप्पांच्या दुकानात. मंडप, खुर्च्या आणि साउंड असा त्यांचा धंदा. मी काय काय ऐकलं म्हणून विचारता? मंगलाष्टका ऐकल्या, त्याही अशा बेसूर की नवरदेव पळून कसा गेला नाही याचं मला नवल वाटे. पुढाऱ्यांची भाषणं ऐकली. 'शेवटचे दोन शब्द' म्हटलं की अजून तासभर सुटका नाही, हे मी अनुभवाने शिकलो. सिद्धेश्वराच्या जत्रेत, म्हणजे आमच्या गड्ड्याच्या यात्रेत, हरवलेली पोरं माझ्यासमोर हुंदके देत आपलं नाव सांगायची आणि त्यांच्या आया धावत यायच्या. ते काम मला फार आवडायचं.

ईरप्पांचा कान तेव्हा मोठा तयार होता. मंडपाच्या टोकाला उभं राहून कुठल्या कर्ण्याचा आवाज फाटलाय हे ते अचूक सांगत. "हा माईक म्हणजे माझा थोरला मुलगा हाय," असं ते लोकांना म्हणत आणि काम संपलं की स्वतःच्या रुमालाने मला पुसत. अशा कौतुकावर कोण फुगणार नाही? मीही फुगलो.

मग डीजे आला. कपाटाएवढे स्पीकरचे डबे आले. मिरवणुकीत ईरप्पा वर्षानुवर्षं त्या डब्यांना खेटून उभे राहिले. "कानात कापूस तरी घाला," असं त्यांच्या पत्नी महानंदाताई सांगून थकल्या. "साउंडवाल्यानं कापूस घातला तर लोक हसतील की," म्हणून ईरप्पांनी ते उडवून लावलं. सोनाराने कान टोचायचे असतात, इथे सोनारच कानाचा वैरी झाला.

हळूहळू ते घरात हाक मारली तरी ओ देईनात. विचारलं एक की उत्तर भलतंच. त्यांची मुलगी काव्या नववीत होती. तिला चित्रकलेच्या स्पर्धेत पहिला नंबर मिळाला, तेव्हा ती धावत दुकानात आली आणि तिने वडिलांना ते सांगितलं. मी तिथेच टेबलावर होतो. ईरप्पा म्हणाले, "बरं बरं, संध्याकाळी आणतो." काव्या थोडा वेळ थांबली आणि निघून गेली. तिने ते पुन्हा सांगितलं नाही. त्यानंतर ती बापाशी कामापुरतंच बोलू लागली. त्यांना ऐकू आलं नव्हतं हे तिला ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, यांना आपलं काही पडलेलं नाही.

आणि मग मंद्रूप गावातलं ते लग्न आलं. भटजींचा आवाज ईरप्पांना नीट ऐकू येईना, म्हणून ते आवाजाची खुंटी फिरवत गेले, फिरवत गेले. आता मित्रांनो, आवाज असा बेताबाहेर वाढवला की कर्ण्यातला आवाज माझ्यात शिरतो, माझ्यातला पुन्हा कर्ण्यात जातो आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू होते. तशी ती झाली. लहान मुलं रडू लागली, वऱ्हाडी ओरडू लागले. ईरप्पा शांत उभे! कोणीतरी त्यांचा दंड धरून गदागदा हलवला तेव्हा कुठे त्यांनी खुंटी मागे घेतली. वधूचा बाप ताडताड बोलला. ईरप्पा म्हणाले, "माईक बिघडलाय."

मी बिघडलोय! ज्याला रुमालाने पुसायचे त्या थोरल्या मुलाला भरमंडपात दोषी ठरवलं आणि जुन्या वायरींबरोबर पेटीत कोंबलं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी लग्नाच्या भाषणांतून शंभरदा ऐकली होती. त्या दिवशी तिचा अर्थ कळला. कामंही कमी होत गेली. महानंदाताईंचे भाऊ चन्नवीर अक्कलकोटहून येत, ते एकदा म्हणाले, "दाजी, हे भंगार विकून टाका आता." पेटीत पडल्या पडल्या मी माझं भवितव्य ऐकत होतो.

मला पेटीतून बाहेर काढलं ते एका जपानी कार्टूनने. काव्या त्याला अॅनिमे म्हणते आणि कोणी कार्टून म्हटलं की रागावते. भाषा जपानी, खाली इंग्रजी अक्षरं. महानंदाताई स्वयंपाकघरात शेंगाची चटणी कुटत असायच्या आणि तिथूनच ओरडायच्या, "काव्या, कोण किंचाळतंय गं? कुणाला मारायलेत?"

"कुणाला नाही अव्वा, मासा बसची तिकिटं विकायलाय."

"मग एवढं ओरडायला काय झालं त्याला?"

रोज ओरडून ओरडून काव्याचा घसा बसला. शेवटी तिने मला पेटीतून उपसलं, छोटा स्पीकर स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवला आणि आईला मराठीत गोष्ट सांगायला सुरुवात केली. मी पहिल्याच शब्दाला खणखणीत वाजलो. सांगा, कोण बिघडलं होतं?

आता त्या मालिकेबद्दल बोलतो, कारण माझं डोकं तिनेच उठवलं. मियो नावाची तेरा वर्षांची मुलगी आहे. एके दिवशी सकाळी तिच्या घराचं दार उघडतं ते भलत्याच गावात. तिसऱ्या भागात तिचा बाप छताचा पंखा होतो आणि घरात कोणाला त्याचं काही वाटत नाही. चंद्राला सर्दी होते. एक मुलगी छत्री घेऊन मियोशी भांडते, का भांडते ते तिचं तिलाच माहीत. पाचवा भाग अख्खा समुद्रावरच्या कबड्डीत जातो आणि पुन्हा त्या कबड्डीचं नाव निघत नाही. कोणी महत्त्वाचं बोलायला लागलं की नेमके तेव्हाच ढोल वाजतात. मी लोकांचं बोलणं लोकांपर्यंत पोचवण्यात आयुष्य घालवलं, मला हे कसं सोसावं?

चन्नवीरमामा एका रविवारी बघायला बसले आणि कावले. "ह्याला शेंडा ना बुडखा! बाप फॅन झाला आणि कुणी इचारत बी न्हाय, व्हय? आमच्याकडं माणूस जेवायला उशिरा आला तर दहा फोन येतात की!"

"मामा, माझ्या वयात असंच वाटतं," काव्या म्हणाली. "काल होतं ते आज नसतं. आणि का नसतं ते कुणी सांगत नाही."

मामांना ते पटलं नाही. मला मात्र ते जरा पटलं, कबूल करतो. हरवलेल्या पोरांचे हुंदके मी ऐकले आहेत. ती पोरंही अशीच बोलतात, काहीतरी भलतंच, पण खरं.

गंमत अशी की ईरप्पा ती मालिका रोज बघू लागले. इतर मालिका लागल्या की ते उठून जात, कारण सगळे हसले की हसायचं आणि सगळे गप्प झाले की गप्प बसायचं, याचा त्यांना कंटाळा आला होता. इथे कोणालाच काही कळत नव्हतं. "ह्यो मासा कोण?" असं विचारायला लाज वाटत नव्हती, कारण मामाही तेच विचारत होते. शिवाय दाराशी ठेवलेला स्पीकर त्यांच्या खुर्चीजवळच होता. आपल्या मुलीचं बोलणं त्यांना किती तरी दिवसांनी सबंध ऐकू येत होतं. एकदाच ते म्हणाले, "त्यो माईक ठेव आत. बिघडलाय." काव्या म्हणाली, "कुठं बिघडलाय? चांगला चालतोय की." मी चांगला, तर मग ती शिट्टी कोणाची, हा प्रश्न त्या खोलीत मला अगदी स्पष्ट ऐकू येत होता.

मग आठवा भाग आला. मियो पंख्याखाली उभी राहते आणि बोलते, एवढंच काव्याने सांगितलं आणि तीही थांबली. त्या सबंध प्रसंगाला आवाजच नव्हता. ढोल नाहीत, किंचाळ्या नाहीत, शब्दही नाहीत. एवढी शांतता ठेवायला धाडस लागतं मित्रांनो. मला कोणी माझ्या आयुष्यात एवढी शांतता दिली नव्हती. स्वयंपाकघरातलं कुटणंही थांबलं.

"त्याला ऐकू येत नसंल तिचं," ईरप्पा म्हणाले.

"गोष्ट आहे ती, आप्पा."

"असू दे की. पंख्याला कान कुटं असत्यात?" मग त्यांनी खुर्ची तिच्याकडे ओढली. नंतर म्हणाले, "मला बी येत न्हाय, काव्या. लई दिवस झालं. तू बोलतीस आणि मी नुसती मान हलवतो. मंद्रूपच्या लग्नात शिट्टी वाजली म्हणत्यात. मला ती ऐकूच आली न्हाय. माईक चांगला हाय."

माईक चांगला हाय! मित्रांनो, एवढ्या तीन शब्दांसाठी मी पेटीत झुरलो होतो. पण त्या क्षणी मला आनंद करता आला नाही, कारण काव्याने मला तोंडाशी धरलं होतं.

"आप्पा," ती माझ्यातून म्हणाली, "चित्रकलेत माझा पहिला नंबर आला होता."

"कवा?"

"दिवाळीच्या आधी."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, संध्याकाळी आणतो."

"एनायतु?" आतून महानंदाताईंनी विचारलं, काय झालं म्हणून. घरात काही हललं की त्यांच्या तोंडी कन्नडच येतं. ईरप्पा रडत होते, आणि ते मला व्यवस्थित ऐकू येत होतं.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की बारीक, उंच आवाज त्यांच्या कानातून कायमचे गेले. उरलेले आवाज ऐकायला कानात श्रवणयंत्र बसवलं. त्या यंत्रात माझ्याच जातीचा एक इवलासा माईक असतो म्हणे. माझा धाकटा भाऊ आता ईरप्पांच्या कानात राहतो, याचा मला अभिमान आहे.

ईरप्पा मालिकेचा शेवटचा भाग यंत्र लावून बघायला बसले आणि लगेच ओरडले, "काय गोंगाट लावलाय ह्यो! कमी कर आधी!" इतके दिवस मी दुसरं काय म्हणत होतो? काव्याने चिडून टीव्हीचा आवाज बंद केला. "आता तू सांग," ते म्हणाले, "तुझ्या तोंडून बरी वाटती." मियो स्टुलावर चढते आणि फडक्याने पंख्याची पाती पुसते, एवढ्यावर मालिका संपली. बाप पुन्हा माणूस झाला का, ते दाखवलंच नाही. मामा अजून त्या जपान्यांवर दात ओठ खाऊन आहेत. मीही आहे. पण बारा भागांचा तो गोंधळ झाला नसता, तर मी आज भंगारात असतो आणि हे बापलेक एका घरात राहून एकमेकांना हरवलेले असते.

तेव्हा मित्रांनो, कान जपा. मिरवणुकीत डब्यांना खेटून नाचू नका. ऐकू आलं नाही तर 'ऐकू आलं नाही' म्हणा, त्यात कसली आलीय लाज? आणि तुमचं सांगणं कोणाला पोचलं नाही असं वाटलं, तर रुसण्याआधी एकदा पुन्हा सांगा. मोठ्याने सांगा. हवं तर मला हातात घ्या.

परवा मंद्रूपला पुन्हा काम होतं. ईरप्पा मंडपाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि काव्याने मला उचललं. मला वाटलं, आली पुन्हा टिचकी. पण तिने टिचकी मारली नाही. ती हळूच म्हणाली, "हॅलो. वन, टू, थ्री." आणि इतक्या लांबून, रिकाम्या खुर्च्यांवरून, तिच्या बापाचा आवाज आला.

"फोर!"