कुंडीजवळची खुर्ची

शहरातल्या त्या नव्या रेस्टॉरंटात रविवारी सकाळी जागा मिळणं म्हणजे लॉटरीच! बँकेत अधिकारी असलेल्या ताईंनी पंधरा दिवस आधी टेबल राखून ठेवलं होतं. त्या स्वतः, त्यांचा नवरा, त्यांची आत्या आणि चार वर्षांची लेक चिमी. चिमीला सांभाळणाऱ्या मावशीही सोबत होत्या. पण त्या दाराशी, झाडाच्या कुंडीजवळच्या खुर्चीत, चिमीची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

चिमीची वेणी मावशींच्या हातची, चिमीची झोप मावशींच्या मांडीवरची. तापात कण्हणारी चिमी शांत व्हायची, तीही मावशींचा हात कपाळावरून फिरला की.

वेटरनं पाचवी प्लेट आणली, तशी ताई चटकन म्हणाल्या, "ती नको. त्या घरून खाऊन आल्यात."

"काय खाल्लं गं तिनं?" आत्यांनी विचारलं. आत्या निवृत्त नर्स. बोलणं सुईसारखं, टोचलं की कळायचं. "सहाला तर ती तुझ्या दारात हजर होती."

"आत्या, त्यांनाच अवघडल्यासारखं होईल इथं."

"तिला विचारलंस?"

नवऱ्याला समोरच्या ऑम्लेटात एकदम फार रस वाटू लागला.

"तीस वर्षं वॉर्डात काढली मी," आत्या म्हणाल्या. "उपाशी माणूस मला पाठमोरासुद्धा ओळखू येतो. बघ, कधीची काचेतून बाहेर बघत बसलीय. रस्त्यावर काय तमाशा आहे? आपल्या ताटांकडे नजर जाऊ नये म्हणून बघतेय बिचारी."

"आज रविवार आहे, आत्या. भाषणाला सुट्टी द्या ना!" ताई हसल्या आणि फळांची बशी पुढे ओढली.

इकडे चिमीचा खेळ रंगला होता. टेबलावरचे चमचे गोळा करून ती ओळीनं मांडत होती. "हा बाबा, ही आई, ही आत्याआजी, ही मी. बसा, बसा, जेवा पोटभर!" मग पाचवा चमचा उचलून तिनं टेबलाच्या पार कडेला नेऊन ठेवला.

"आणि ही कोण गं?" आत्यांनी विचारलं.

"ही मावशी. तिला नाही द्यायचं. तिला भूकच नसते."

केवढ्या गोड आवाजात बोलली पोर! ना राग, ना दुष्टावा. जिच्या कुशीत झोपायची, तिलाच किती सहज दूर सारलं तिनं! हे कुणी शिकवलं? शिकवलं कुणीच नव्हतं. तिनं नुसतं पाहिलं होतं.

ताईंचे कान तापले. त्या उठल्या, दाराशी गेल्या.

"मावशी, चला. आमच्यात बसा."

"नको ताई, बरी आहे मी इथं." मावशी अर्धवट उठल्या. "आता भूकही मेली."

मेली! म्हणजे लागली होती. एवढा वेळ, या घमघमाटात, काही न बोलता!

ताईंनी मावशींच्या मांडीवरची पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली, त्यांना हाताला धरून आणलं आणि आपल्या शेजारी खुर्ची ओढून बसवलं. मग चिमीसमोर वाकून म्हणाल्या, "चिमे, मावशींना भूक लागते. आपल्यासारखीच लागते. आईचं चुकलं."

"लेकरासमोर कशाला हो, ताई?" मावशी पुटपुटल्या.

"तिच्यासमोरच, मावशी. माझंच बघून शिकलीय ती."

मावशी खुर्चीच्या कडेवर टेकल्या आणि मान खाली घालून सावकाश खाऊ लागल्या. एकदाही त्यांनी वर पाहिलं नाही.

बंधुभगिनींनो, ज्या हातांत आपण आपलं लेकरू निर्धास्त सोपवतो, त्या हातांना आपल्या शेजारी बसून घास उचलता आला पाहिजे. हे उपकार नव्हेत, साधी माणुसकी आहे; आणि ती आपली मुलं आपल्या वागण्यातूनच उचलतात.

ताईंना त्या दिवशी पुढचा एकही घास गोड लागला नाही. लागू नये, हेच बरं.