कवच आटलंय म्हणे

बोलतोय ते कासवच आहे, इकडेतिकडे बघू नका. शिलाई मशीनच्या खाली बघा. आणि जरा टेका, कारण मी कुठलीच गोष्ट घाईत सांगत नाही.

माझे आईबाप कोण ते मला ठाऊक नाही. आमच्यात आई अंडी मातीत पुरते आणि चालू पडते. माणसांचे आईबाप जन्मभर पाठीशी असतात, तरी पोरांची कुरकुर चालूच, तेव्हा आमचंच बरं. मी या दुकानात आलो तेव्हा कोटाच्या बटणाएवढा होतो, म्हणून मास्तरांनी नाव ठेवलं बटण्या. मास्तर म्हणजे आमचे शिंपी. पुढे दुकान, मागे खोली, तिच्यामागे लहानसं अंगण. मास्तरांची बायको होती तोवर मला पाला मिळायचा, तोही वेळेवर. ती गेली, लेक लग्न होऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली, आणि जेवायला उरलो आम्ही दोघं.

एकट्यानं मास्तरांना घास उतरेना. मग ते ताट घेऊन जमिनीवर माझ्यासमोर बसू लागले. एक घास त्यांचा, एक माझा. दुधात भिजवलेला पाव, लोणी लावलेला बटाटा, केळं, बिस्किटं. मी एकदाही नको म्हटलं नाही. आयतं मिळालं तर माणसं सोडतात का? मग मीच कशाला सोडू?

मास्तरांचा धंद्यातला एक नियम होता. गिऱ्हाइकाला जाड म्हणायचं नाही. कुणाची पँट कमरेला बसेनाशी झाली की मास्तर ती दोन बोटांत चुरगळून म्हणणार, "कापड आटलंय हो. द्या इकडे, सैल करून देतो." गिऱ्हाईक खूश. त्या दुकानात आजवर ढिगानं कापड आटलं, पण पोट म्हणून कुणाचं सुटलं नाही.

एक दिवस शेजारणीचं कुत्रं आत घुसलं. मी नेहमीसारखा कवचात शिरायला गेलो. डोकं गेलं, पाय बाहेरच. एक ओढावा तर दुसरा बाहेर पडे. स्वतःच्याच घरात मी मावेना. कुत्र्यानं माझा पाय हुंगला, चाटला, चव काही पसंत पडली नसावी, निघून गेलं. माझी मात्र पाचावर धारण बसली. हसू नका, मी खरंच घाबरलो होतो.

मास्तरांनी टेप लावून माझं माप घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "कवच आटलंय रे तुझं."

लेक त्या दिवशी आली होती. तिनं कपाळाला हात लावला. "बाबा, कवच काय सुती आहे?" आणि मला टोपलीत घालून थेट जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मास्तर मागून आले.

बाईंनी मला काट्यावर ठेवलं. आकडा बघितला, विश्वास बसेना म्हणून उचलून परत ठेवलं. मग चारचौघांत माझ्या मांडीची चरबी चिमटीत धरली. "हा पाला खाणारा जीव आहे. याला पाव कोण देतं?" मास्तर छताकडे बघू लागले. "असंच चाललं तर यकृत जाईल याचं, पायही उचलणार नाही. गवत, पालेभाजी, जास्वंदीची पानं द्या. फळ क्वचित. पाव-दूध बंद. आणि पुढ्यात आणून द्यायचं नाही, चालत जाऊन खाऊ दे."

घरी आल्यावर लेक म्हणाली, "बाबा, तुमच्या ताटातला एक घास जरी त्याच्या पोटात गेला ना, तर मी त्याला माझ्याकडे नेईन."

"नको गं," मास्तर म्हणाले. "एवढं नको करूस." इतक्या बारीक आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

मग सुरू झालं पथ्य. माझा पाला अंगणाच्या पार टोकाला. मी शिव्या देत निघायचो. कासवाची शिवी लांबलचक असते, एक संपेपर्यंत मी पोचलेला असायचो. मास्तरांनी मोह नको म्हणून माझ्यासमोर जेवणंच सोडलं. दर रविवारी लेक काटा घेऊन हजर. माझं वजन उतरत गेलं आणि एके दिवशी मी पायांसकट आत शिरलो. काय ऐसपैस वाटलं म्हणून सांगू.

बाहेर येऊन बघतो तर मास्तरांचा शर्ट त्यांच्या खांद्यांवरून घसरत होता. लेकीलाही दिसलं. "बाबा, तुम्ही जेवता ना?"

"जेवतो की. कापड वाढलंय गं. जुनं झालं की वाढतं."

खोटारडा. मला मशीनखालून सगळं दिसायचं. खोलीचं दार लोटून, उभ्याउभ्या पावाचा तुकडा चावायचा आणि बाकीचं झाकून ठेवायचं. दार काही नीट लागत नाही त्यांचं. पथ्य मला सांगितलं होतं आणि वाळत होता हा माणूस. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला.

दुसऱ्या दिवशी पाला आला. मी चालत गेलो, त्याच्याशेजारी बसलो आणि आत शिरलो. नव्यानं मिळालेलं घर, वापरायला नको? संध्याकाळी ताजा पाला आला. मी आत. पुढचे दोन दिवसही तेच. मास्तर कवचावर टिचक्या मारून म्हणायचे, "बटण्या, खा की रे. रुसलास का?" दुकान बंद ठेवलं, माझ्याजवळून हलेनात. लेक फोनवर ओरडली, "निदान तुम्ही तरी खाऊन घ्या!" तेव्हा कुठे ते ताट घेऊन आले आणि माझ्यासमोर मातीत बसले.

त्यांनी एक घास घेतला. मी डोकं काढून एक पान खाल्लं. थांबलो, त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांनी दुसरा घेतला. मग मी दुसरं पान. तिसऱ्या घासाला त्यांच्या डोक्यात उजेड पडला.

"असं आहे होय, लबाडा," ते म्हणाले आणि गळ्यातल्या टेपनं डोळे पुसले.

हल्ली आमच्या पंगती अंगणाच्या टोकाला बसतात. त्यांचं ताट त्यांचं, माझा पाला माझा. पावाकडे मी बघतो, नाही असं नाही, पण तोंड वासत नाही. तुमच्या घरात कुणी दार लोटून उभ्यानं जेवत असेल, तर आपलं ताट घेऊन समोर जाऊन बसा. बोललंच पाहिजे असं नाही, मी कुठे बोलतो?

परवाच्या रविवारी लेक मला तोलून झाल्यावर मास्तरांकडे बघून म्हणाली, "बाबा, शर्ट बसायला लागला की तुम्हाला."

मास्तरांनी बाही दोन बोटांत चुरगळली. "कापड आटलंय गं," म्हणाले.

मी काही बोललो नाही. तोंडात पाला होता.