कायम चालू

साहेबांनी माझी 'कायम चालू'ची ओळ काढून टाकली होती. फाईल बघितली आणि मी तडक त्यांच्या टेबलाशी गेले.

आमचं काम घरी वापरायच्या श्वासाच्या मशीनचं. मशीनमध्ये कुठला रेग्युलेटर, म्हणजे वीज पुरवणारा भाग, किती व्होल्ट देतो, कुठल्या पिनेने चालू होतो, ते एका फाईलमध्ये लिहून द्यावं लागतं. नाहीतर सिस्टिमला काय स्वप्न पडणार आहे? मास्ककडे हवा ढकलणाऱ्या पंख्याचा रेग्युलेटर साधा, बारा व्होल्ट म्हणजे बाराच. त्याच्यापुढे मी 'कायम चालू' लिहिलं होतं, कारण आमचा पंख्याचा ड्रायव्हर, म्हणजे पंखा चालवणारा प्रोग्रॅम, त्याला आपला म्हणतच नाही. आणि ज्याला कोणी वाली नाही, तो रेग्युलेटर सिस्टिम सुरू झाल्यावर अर्ध्या मिनिटात बंद करून टाकते.

"बॅटरी वाचेल," साहेब म्हणाले. "मी टेबलावर लावून पाहिलं की! पंखा मस्त फिरला."

"किती वेळ बघितलात?"

"फिरला म्हटल्यावर आणखी काय बघायचं?"

कपाळ माझं! नवी फाईल दुपारीच इंटरनेटवरून घरोघरच्या मशीनवर गेली होती. त्यातलं एक माझ्या बाबांचं. धोक्याचा भोंगाही त्याच रेग्युलेटरवर, म्हणजे तोही गप्प.

मी आईला फोन लावला. "आई, बाबांचा मास्क काढ."

"अगं, आत्ता कुठे डोळा लागलाय. मशीन आपलं आपण बंद होऊन परत सुरू झालं. हिरवा दिवा आहे."

"दिवा गेला खड्ड्यात! आधी मास्क काढ!"

"डॉक्टरांनी काढू नका म्हणून सांगितलंय. तू ना, उगाच घाबरवतेस."

"आई, त्यातून हवा येत नाहीये! ते सोडलेलाच श्वास परत घेतायत!"

फोन कुठेतरी आपटला. मग काहीच ऐकू येईना. मी "आई, आई" करत राहिले. इतकी भीती मला जन्मात वाटली नव्हती.

शेवटी बाबांचा खोकला ऐकू आला. मग त्यांचा आवाज, "काय गं, अशी ओढतेस काय?"

मला रडूच फुटलं. खिडक्या उघड, त्यांना बसतं कर, जुनं मशीन लाव, असं काय काय सांगून मी फोन ठेवला.

"झालं ना ठीक?" साहेबांनी विचारलं.

"बाकीच्या घरांचे नंबर काढा," मी म्हणाले. "अर्धे तुम्ही, अर्धे मी."

त्यांनी घाईघाईने यादी उघडली. माझ्या वाट्याच्या पहिल्या घरी रिंग पूर्ण वाजून थांबली. मी पुन्हा लावला.