काचेच्या कपाटातील मंजूर नमुना

मित्रांनो, प्रारंभीच नम्रपणे जाहीर करतो की, पुढील कथनात माझा जन्म, माझा मान, माझा ऱ्हास आणि माझ्यापायी एका सज्जन गृहस्थाच्या हातावर ओढवलेले संकट, हे सर्व जसे घडले तसे मी सांगणार आहे. त्यात पदरचे काही घालणार नाही आणि लपवणारही नाही.

मी एक जुना रबरी हातमोजा आहे. उजवा. वीजखात्याचे वायरमन तारेला हात लावण्यापूर्वी जे जाड, कोपरापर्यंत येणारे हातमोजे घालतात, त्या कुळातला मी. परंतु खांबावर चढण्याचे भाग्य मला कधीच लाभले नाही. माझे सारे आयुष्य एका कचेरीत, खिडकीशेजारच्या काचेच्या कपाटात गेले.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे चिनी मातीचे हात ओळीने टांगलेले असत. ते पातळ रबरात बुडवायचे, वाळवायचे, पुन्हा बुडवायचे, असे करत करत आमचे शरीर तयार होई. कारखान्याचे मालक वयस्कर होते. प्रत्येक हातमोज्यात हवा कोंडून ते तो स्वतःच्या गालाशी धरत. कुठे सुईच्या टोकाएवढे जरी भोक असले, तरी गालाला वारा लागतो. ज्याचा वारा लागला, तो बाजूला पडला. मी आणि माझा डावा भाऊ, दोघेही या परीक्षेत उत्तीर्ण झालो.

आम्हाला एका शहराच्या वीजखात्याकडे पाठवण्यात आले. हे खाते शहराच्याच मालकीचे होते. लोकांनी भरलेल्या बिलांतून त्याने तारा, मीटर, ट्रान्सफॉर्मर घ्यायचे आणि लोकांचेच दिवे लावायचे. अशा ठिकाणी खरेदीची एक रीत असते. माल घेण्याआधी विकणाऱ्याकडून नमुना मागवतात. नमुना पसंत पडला की त्याला लाखेची मोहोर लावून जपून ठेवतात, आणि पुढे येणारा प्रत्येक माल त्याच्याशी ताडून पाहतात.

नमुना म्हणून आमची जोडी गेली. डाव्या भावाला दूरच्या प्रयोगशाळेत नेले. तिथे त्याच्यावर विजेचा दाब वाढवत वाढवत नेला, तो पार जळेपर्यंत. जितके सहन करायला हवे होते, त्याहून कितीतरी जास्त त्याने सहन केले. त्याने प्राण देऊन जो विश्वास कमावला, त्याची मोहोर माझ्या गळ्यात पडली. मी मंजूर नमुना झालो.

त्या खात्याचा हिशेब आणि खरेदी एक बाई पाहत असत. सर्व जण त्यांना मॅडम म्हणत. त्यांच्या आधीच्या अधिकाऱ्याने खात्याला पार धुऊन काढले होते. तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार गुंडाळलेले ट्रान्सफॉर्मर त्याने डोळे झाकून घेतले आणि ते उन्हाळ्यात फटाफट जळाले. मॅडम आल्या आणि वारे बदलले. त्या विकणाऱ्याचा चहासुद्धा घेत नसत. घरून आणलेल्या थर्मासमधला चहा स्वतः पीत आणि समोरच्याला पाणी देत. वायफळ खर्च कापून त्यांनी इस्पितळाच्या बाजूला नवा ट्रान्सफॉर्मर बसवला, तेव्हा शहरभर त्यांचे नाव झाले.

त्यांचा नियम सरळ होता. नमुन्याशी जुळले तर पैसे, नाही जुळले तर माल परत. नमुन्यांवर कोणाची वाकडी नजर पडू नये म्हणून त्यांनी आम्हाला स्वतःच्या खोलीत, डोळ्यांसमोर ठेवून घेतले. मीटर, चिमटा, तारेचा तुकडा आणि मी. सकाळचे ऊन प्रथम आमच्या कपाटावर येई. मी उजळून निघे. मनात म्हणे, काय हा थाट!

भांडार सांभाळणारे एक काका होते. नवा माल आला की त्यातील एक जोडी घेऊन ते वर येत. मला पाहून त्यांची थट्टा ठरलेली असे. "काय जावईबापू, बरं चाललंय ना? बसा बसा. कामाचं आम्ही बघतो."

मॅडम हसत नसत, पण रागावतही नसत. त्या मोहोर तोडत, दोन बोटांनी मला अलगद उचलत, जाडी मोजत, वजन पाहत, हळूच दाबून पाहत. नमुना बिघडू नये म्हणून मला ताणू मात्र कोणाला देत नसत. मग नवी मोहोर आणि पुन्हा कपाट. मालाची विद्युत परीक्षा दर वेळी करायची तर प्रयोगशाळेचे शुल्क भारी. मॅडमचे म्हणणे असे की, परीक्षा झालेला नमुना घरात असताना पुन्हा खर्च कशाला? सर्वांना ते पटले. मित्रांनो, मलासुद्धा पटले होते.

वर्षे गेली. प्रथम माझ्या बोटांच्या टोकांना ताठरपणा जाणवू लागला. नंतर घडीच्या जागी आतल्या आत काहीतरी तडकले. रबराचा वैरी ऊन आहे, हे मला कारखान्यात कोणी सांगितले नव्हते. ज्या उजेडाला मी माझा थाट समजत होतो, तोच मला रोज थोडा थोडा खात होता. वरून मी पूर्वीसारखाच दिसत होतो. वजन तेच, जाडी तीच. ओरडून सांगावेसे वाटे, पण हातमोज्याला तोंड कुठले?

अशा स्थितीत एके दिवशी काका नवा माल घेऊन आले. त्याचा वास येताच मी ओळखले. माझ्याच कारखान्यातले, माझेच भाऊ! मऊ, लवचिक, जसा मी एके काळी होतो तसे. सोबत आमचे वयस्कर मालकही आले होते. मला भरून आले.

मॅडमनी माझ्या भावाला दाबले. मला दाबले. पुन्हा त्याला दाबले. आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"हा नमुन्यापेक्षा मऊ आहे," त्या म्हणाल्या.

"ताजा माल मऊच असतो, मॅडम."

"भाजी विकताय का?"

मालक हळूच म्हणाले, "तुमचा नमुना जुना झाला असेल. एकदा तपासून घ्या."

"माल जुळला नाही की प्रत्येकाला नमुनाच जुना वाटतो. तुम्ही काही पहिले नाही."

यात मॅडमचा दोष काढू नका. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. हेच वाक्य त्यांनी याआधी कितीतरी लबाड व्यापाऱ्यांच्या तोंडून ऐकले होते. खऱ्या माणसाने तेच म्हटले, तर ते खरे कसे ओळखावे? मालकांनी वाद घातला नाही. खोकी उचलून ते निघून गेले. माझे भाऊ माझ्याशी जुळले नाहीत, म्हणून माघारी गेले. त्या दिवशी मला जे दुःख झाले, त्याला माझ्याजवळ शब्द नाहीत.

त्यानंतर दुसऱ्या एका व्यापाऱ्याचा माल आला. कुठल्याशा गोदामात वर्षानुवर्षे पडून ताठलेला. रंग छान, शिक्का छान. मॅडमनी त्याला दाबले, मला दाबले. तंतोतंत जुळला. त्यांनी लिहिले, 'नमुन्याबरहुकूम', आणि सही केली.

हे हातमोजे वायरमनांना वाटले गेले. त्यांच्यात एक अतिशय उंच वायरमन होता. त्याला सगळे उंट म्हणत, आणि तोही त्या नावाला ओ देत असे. तो काकांना म्हणाला होता की, हे हातमोजे घालून मला स्वतःचं नाक पुसता येत नाही, नट कुठून धरू? काकांनी ही तक्रार वर आणली. मॅडमनी ती उडवून लावली नाही. कपाट उघडून मला पुन्हा दाबून पाहिले.

"नमुनाही असाच आहे. त्याच्याबद्दल कधी कोणाची तक्रार आली नाही."

"तो कुठे खांबावर चढतो," काका पुटपुटले. पण ते दाराकडे वळून बोलले, त्यामुळे फक्त मीच ऐकले.

एका दुपारी मॅडमच्या टेबलावरचा फोन वाजला. बेकरीसमोरच्या खांबावर उंटाला विजेचा धक्का बसला होता. कमरेच्या पट्ट्यामुळे तो पडला नाही, तिथेच लोंबकळत राहिला. सोबत्याने वीज तोडून त्याला खाली उतरवले. जीव वाचला. उजवा हात मात्र भाजला, आणि त्याची बोटे मिटेनात.

आता प्रश्न उभा राहिला, चूक कोणाची? खात्याच्या मोठ्या साहेबांचे मत तयार होते. हातमोजे मंजूर नमुन्याप्रमाणे आहेत. म्हणजे वायरमनने ते काढून काम केले असणार, किंवा नंतर कुठेतरी फाडले असणार. तसे ठरले असते, तर उंटाची नोकरी गेली असती आणि भरपाईही मिळाली नसती. बोटे न मिटणाऱ्या वायरमनला दुसरे कोण ठेवणार? घरात त्याची बायको, दोन मुली आणि अंथरुणाला खिळलेली आई होती.

चौकशी मॅडमच्या खोलीतच झाली. साहेब बसले. काका दाराशी उभे राहिले. उंट आला, हात पट्टीत. त्याची बायको त्याच्या मागे उभी होती. त्या चिंचोळ्या खोलीत तो वाकून बसला होता.

"मी हातमोजा काढला नव्हता, मॅडम," तो म्हणाला. "काम होत नव्हतं तरी काढला नव्हता."

त्याचा तो हातमोजा टेबलावर होता. अंगठ्याच्या मुळाशी चिरलेला. मॅडमनी माझी मोहोर तोडली आणि मला त्याच्याशेजारी ठेवले. जाडी मोजली. वजन केले. दाबले. सर्व जुळले. साहेब म्हणाले की झालं तर मग, संपवा हे. मॅडम मात्र कोणाचेही म्हणणे न ऐकता त्याला दोषी ठरवणाऱ्या नव्हत्या. त्यांनी आम्हा दोघांना उंटाच्या बायकोपुढे सरकवले.

"बघा, तुम्हीच बघा. खात्याने खरेदीत फसवलेलं नाही. दोन्ही अगदी सारखे आहेत."

त्या बाईने बराच वेळ पाहिले. तिला रबरातले काय कळणार! तिने जे दिसले ते विचारले.

"सारखेच दिसतात, बाई. मग हा पण असाच फाटेल का?"

मॅडम माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यांच्या मनात काय चालले होते, ते मी कसे सांगू? परंतु एवढे मला दिसत होते की, मला उचलून पुन्हा कपाटात ठेवणे फार सोपे होते. ठेवले असते तर त्यांची सही स्वच्छ राहिली असती आणि इतक्या वर्षांच्या कष्टांनी मिळवलेले नाव तसेच राहिले असते. साहेबांनी घड्याळ पाहिले. "चला, आवरा," ते म्हणाले.

मॅडमनी हातातली बांगडी काढून टेबलावर ठेवली. आणि त्यांनी माझ्यात हात घातला.

मित्रांनो, ज्यासाठी माझा जन्म झाला, ते माझ्या आयुष्यात प्रथमच घडत होते. आतून मला माणसाच्या हाताची ऊब लागली. त्यांची बोटे माझ्या बोटांत पोहोचली. मी देवाला म्हणालो, आता मला धरून ठेवू नकोस. मॅडमनी मूठ वळली, आणि मी अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत फाटलो. चिरीतून त्यांची कातडी दिसत होती.

त्यांनी तो हात तसाच वर धरला, सगळ्यांना दिसेल असा.

"साहेब, लिहून घ्या. चूक वायरमनची नाही. चूक खरेदीची आहे."

"मॅडम, सही तुमची आहे," साहेब म्हणाले.

"म्हणूनच सांगते आहे."

मग मला हातातून न काढताच त्या काकांकडे वळल्या. आत्ताच्या आत्ता सगळ्या खांबांवरची माणसं खाली उतरवा, म्हणाल्या, आणि हा माल परत गोळा करा. एकही जोडी बाहेर राहता कामा नये. काका जिन्यावरून धावत गेले. त्या वयात ते धावू शकतात, हे मला ठाऊक नव्हते.

उंटाला भरपाई मिळाली. भांडारात बसून करायचे कामही मिळाले. परंतु त्याचा हात पूर्ववत झाला नाही. तो पेन्सिल डाव्या हाताने धरतो आणि रेघ वाकडी गेली की स्वतःलाच शिव्या देतो. मॅडमची बढती थांबली. ज्यांचा मलिदा त्यांनी बंद केला होता, ते आता मिटक्या मारत त्यांच्याबद्दल बोलतात. त्या आमच्या जुन्या कारखान्यात क्षमा मागायला गेल्या, तर तिथे कुलूप होते. मालकांनी धंदा केव्हाच आवरला होता. आता दुसरीकडून माल येतो आणि प्रत्येक खेपेची प्रयोगशाळेत परीक्षा होते. शुल्क भारी आहे. मॅडम ते मुकाट्याने मंजूर करतात.

मी सध्या भांडारामागच्या भंगारात पडून आहे. त्या वाईट खेपेतले हातमोजेही येथेच आहेत. कोणी चुकूनही घालू नयेत म्हणून काकांनी त्यांची बोटे कात्रीने कापून टाकली आहेत.

मित्रांनो, माझी एवढीच कळकळीची विनंती आहे. ज्या वस्तूवरून तुम्ही इतरांची पारख करता, तिला फार जपू नका. तिला हातात घ्या, वापरा, ताणून पाहा. माझे दुःख फाटल्याचे नाही. माझे दुःख एवढेच की मी फार उशिरा फाटलो. मला कोणी आधी ताणले असते, तर एका माणसाची मूठ आजही वळली असती.

माझे हे कथन आपण शांतपणे वाचलेत, याबद्दल मी आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
उजवा हातमोजा