नदी तासाभरावर

सामान हलकं व्हावं म्हणून बातिमाने दात घासायच्या ब्रशचा दांडासुद्धा अर्धा कापून टाकला होता. आणि कुरालैने सॅकमधून किटली, चिनी मातीचे तीन वाडगे आणि घोड्याच्या मांसाचं हातभर लांब सॉसेज, म्हणजे काझी, बाहेर काढली, तेव्हा घळीत शिरून त्यांना जेमतेम अर्धा तास झाला होता.

"आत्ता चहा?" बातिमाने विचारलं.

"मग कधी? मेल्यावर?" कुरालै दगडावर फतकल मारून बसत म्हणाली. "नवे बूट चावतायत गं. जरा दम खाऊ दे."

अल्माटीच्या नर्सिंग वसतिगृहात या दोघी आणि झनार अशा तिघी एका खोलीत राहिल्या, त्याला आता पंचवीस-तीस वर्षं झाली होती. बातिमाने पुढे नर्सिंग सोडून दातांच्या कवळ्या बनवायचं काम धरलं. कुरालै आणि झनार एकाच दवाखान्यात टिकल्या. चारिन नदीच्या बाजूच्या या कोरड्या घळीतून उतरायचं, नदीकाठच्या झाडीत मुक्काम करायचा आणि सकाळी परत चढून यायचं, हा बेत तीन उन्हाळे रखडला होता. एकदा कुरालैची सासू आजारी पडली, एकदा झनारच्या मुलाचं लग्न निघालं. या ऑगस्टमध्ये कुठे जमलं.

जमलं म्हणजे काय, तर झनार दर वळणावर हात उंच करून फोनला रेंज शोधत होती. सुनेचे दिवस भरत आले होते.

"झनार, दोन्ही बाजूंना एवढाले कडे उभे आहेत. कुठून येणार रेंज?"

"मघाशी एक काडी आली होती."

"ती गेली. चल."

वाळूत पाय रुतत होते. पुराने आणून टाकलेल्या धोंड्यांवरून कधी चढायचं, कधी खालून सरपटायचं. कुरालै लंगडायला लागली, मग टाचेला पट्टी लावायला थांबणं आलं. बातिमा पुढे जायची, वळणावर थांबायची, मागून हसण्याचा आवाज येईपर्यंत ताटकळायची. त्या हसत कशा होत्या, हेच तिला कळत नव्हतं. आणि तिला पाहिलं की हसू थांबायचं, त्याने ती जास्तच धुमसायची.

दिवस कलून ऊन कड्यांच्या माथ्यावर गेलं तेव्हा त्या कोरड्या धबधब्यापाशी पोचल्या. दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढा उंच, सरळ, गुळगुळीत कडा. त्याखाली घळ रुंद होत होती आणि नदी फक्त तासाभरावर होती. बातिमाने दोर एका मोठ्या धोंड्याला बांधला आणि खाली सोडला.

झनारने काठावरून डोकावून पाहिलं आणि मागे सरली. "मी नाही उतरत."

"अगं, दोर धरून घसरायचं फक्त."

"तू म्हणशील काहीही. हात-पाय मोडला तर? नातवंडाचं तोंडही बघायचंय मला."

"माझी टाच तर आधीच गेली," कुरालै म्हणाली. "इथेच झोपू या ना. वाळू काय मऊ आहे बघ!"

बातिमाचा तोल सुटला. "तीन वर्षं! तीन वर्षं मी याची वाट बघतेय. तुम्हाला बरोबर आणणं म्हणजे गळ्यात लोढणं बांधून पळणं आहे."

मग झनार शांतपणे म्हणाली, "मग जा की एकटी. कोणी धरलंय?"

"जातेच. बघून येते."

सॅक तिथेच टाकून, पाण्याची बाटलीही न घेता, ती दोर धरून सरसर खाली गेली. अर्ध्यावर हात असे भाजले की दोर सुटला आणि ती वाळूत आपटली. लागलं नव्हतं. पण तळवे सोलून निघाले होते. वर बघताच तिला कळलं: दोराला एकही गाठ नव्हती, खडकाला पाय टेकवायला खाच नव्हती. गिर्यारोहणाच्या पुस्तकातल्या सगळ्या गाठी तिला येत होत्या. एक मारायची सुचली नव्हती.

दोन-तीनदा तिने प्रयत्न केला. वरून दोघींनी दोर ओढला, तर त्याच काठाकडे घसरायला लागल्या.

"सोडा, सोडा! तुम्हीही याल खाली!"

मग कुरालै खो खो हसली, आणि तिच्यामागे झनारही.

"हसताय काय?"

"लोढणी वर आणि पळणारी खाली!" कुरालैला बोलणं सुधरेना.

रागाने बातिमाच्या डोळ्यांत पाणी आलं. नदीकडून चालत जाऊन रस्ता गाठता आला असता. पण गाडी घळीच्या तोंडाशी उभी होती, दोघींपैकी एकीलाही चालवता येत नव्हती, आणि कुरालैची टाच रक्ताने माखली होती. त्यांना तसं सोडून जाता येणार नव्हतं. नदी बघून परत यावं, तर उजेड संपत आला होता.

दोराने तिची स्लीपिंग बॅग खाली आली, मग पाणी, मग दुधाचा चहा भरलेली किटली, निम्मी सांडलेली. कुरालै वरून वसतिगृहातले किस्से सांगत राहिली. बातिमाने एकालाही हुंकार दिला नाही. चहा मात्र प्यायली.

सकाळी झनारनेच तोडगा काढला. "बाजूला हो. आम्ही दगड ढकलतो, तू रच."

सबंध सकाळ त्यात गेली. वरून दगड धप्पकन पडायचा, बातिमा सोललेल्या हातांनी तो लोटत भिंतीपाशी आणायची. निम्मे फुटायचे, रचलेले ढासळायचे. एकदा झनार वरून ओरडली, "जा ना, मध्येच बघून ये तुझी नदी!" पण पाणी संपत आलं होतं आणि ऊन घळीच्या तळाशी पोचलं होतं. बातिमाने वळणाकडे एकदा पाहिलं आणि पुढचा दगड उचलला.

दुपार कलायच्या आधी ती ढिगावर चढली. दोघींनी दंड धरून, शर्ट फाटेपर्यंत ओढून तिला वर घेतलं. थँक्यू तिच्या तोंडातून निघालं नाही. त्यांनीही त्याची वाट पाहिली नाही. झनार सॅक भरायला लागली होती.

परतीच्या रस्त्यावर खरबुजांचा ढीग दिसला तेव्हा कुरालैने गाडी थांबवायला लावली. फोनला रेंज आली होती. सुनेचं अजून काही झालं नव्हतं. तिघी गाडीला टेकून उभ्या राहिल्या. बातिमा चाकूने फोडी करत होती.

"पुढल्या वर्षी गरम पाण्याच्या झऱ्यांवर जाऊ," कुरालै म्हणाली. "तिथे बाकडी असतात."

"तू मला लोढणं म्हणालीस," झनार मध्येच म्हणाली.

"रागात होते मी."

"सकाळभर दगड ढकलले, तरी ते डोक्यातून गेलं नाही."

"पण तुम्ही उतरायला काय झालं होतं? नदी तिथे होती, झनार! तासाभरावर!" बातिमाचा आवाज चिरकला. खरबूजवाल्याने मान वळवून पाहिलं.

"भीती वाटली मला. तेवढंच झालं होतं."

बातिमाचा राग तसाच होता. तिने एक मोठी फोड कापली आणि झनारपुढे धरली. झनारने हात पुढे केला नाही.

"आण इकडे," म्हणत कुरालैने ती घेतली.